प्लास्टर घट्ट होईपर्यंत

दिनांक ४ ऑगस्ट

माननीय मुख्य नियंत्रक, स्वयंपाकघर विभाग, यांस
स. न. वि. वि.

कामानिमित्त बाहेरगावी असलो की मी तुला याच मायन्याने पत्र लिहीत असे, आणि तू उत्तरात अर्ज पाहिला, विचार करू, एवढे एक सरकारी वाक्य लिहून उरलेले पान गप्पांनी भरत असायचीस. या वेळी उत्तर येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही काही बाबी तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला निर्णय घेता येत नाही. इतक्या वर्षांची सवय दोन महिन्यांत मोडत नाही.

विषय आपल्या मुलीचा आहे. तू गेल्यापासून ती इथेच होती. परवा भाजी चिरता चिरता तिने जाहीर केले की ती आता परत जाणार नाही. कवळ्यांच्या कार्यशाळेतली नोकरी सोडणार, संध्याकाळची पदविका सोडणार, आणि इथे राहून माझे जेवणखाण बघणार. शेवटचे वर्ष आहे, फेब्रुवारीत परीक्षा आहे, आज ती दुसऱ्याच्या सहीखाली दात घडवते ते उद्या स्वतःच्या सहीने घडवू शकेल, हे सगळे मी तिच्यापुढे मुद्देसूद मांडले. त्यावर तिने विचारले की बाबा, तुम्हाला साधे अंडे तरी उकडता येते का. मी म्हणालो की अंडे ही शिकता येण्याजोगी बाब आहे. ती हसली, आणि मग रडू लागली, आणि मी उठून खिडकी बंद केली. खिडकी आधीच बंद होती.

शेवटी ती गेली, पण अट घालून गेली. सहामाहीपर्यंत प्रयत्न करीन. नाही जमले तर परत येईन आणि परीक्षेबद्दल तुम्ही एक शब्दही काढायचा नाही. मी अट मान्य केली. अमान्य करण्याचा अधिकार या घरात कोणाकडे होता ते तुला माहीत आहे.

तिची तक्रार अशी की दिवसा काम, संध्याकाळी वर्ग, मध्ये बसचा प्रवास, आणि डोके सारखे तुझ्या खोलीत. दिवस कुठे सांडतो तेच कळत नाही. या एका विषयात मी हार मानणारा नाही. या आगारातून सुटणाऱ्या प्रत्येक बसची वेळ माझ्या टेबलावर ठरते. एका मुलीचा दिवस मला लावता येऊ नये?

ती परीक्षा देईल. ते मी बघतो.

प्रकृतीची काळजी घे, असे लिहिण्याची हाताला सवय आहे. तेवढे वाक्य गाळतो. लोभ जसा होता तसाच असू द्यावा.

तुझा
आज्ञाधारक

⁂

दिनांक ८ ऑगस्ट

चि. भिंगरीस
अ. उ. आ.

तू सुखरूप पोहोचल्याचे कळले, समाधान वाटले. सोबत तुझ्या आठवड्याचा तक्ता जोडला आहे. आगारात बससाठी वापरतो त्याच चौकटीच्या मोठ्या कागदावर तो आखला आहे. निळी रेघ म्हणजे नोकरी, तांबडी म्हणजे वर्ग, हिरवी म्हणजे स्वाध्याय. पांढरी जागा कोठेही उरू नये याची दक्षता घेतली आहे.

सर्व विषयांना सारखा वेळ दिला आहे, म्हणजे कोणावर अन्याय नको. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर वाचन करावे, उभे राहावे लागले तर तोंडी उजळणी. कार्यशाळेत साच्यातले प्लास्टर घट्ट होईपर्यंत तुम्हा सर्वांना हातावर हात ठेवून बसावे लागते, असे तू मागे सांगितले होतेस. ती वेळ मी जबड्याच्या स्नायूंना दिली आहे. केस धुणे रविवारी, कपड्यांबरोबर. कपड्यांबरोबर म्हणजे त्यांच्या लगेच नंतर, असे समजावे.

पूर्ण झालेल्या चौकटीवर बारीक खूण करावी. महिनाअखेरीस तक्ता तपासणीसाठी परत पाठवावा.

माझे ठीक आहे. अंडे जमू लागले आहे.

अभ्यासावर जेवढे लक्ष तेवढाच आमच्यावर लोभ असू द्यावा.

तुझे
बाबा

⁂

दिनांक २७ ऑगस्ट

ती. बाबांस
शि. सा. न. वि. वि.

तुमचा तक्ता पलंगासमोरच्या भिंतीवर लावलाय. माझ्या खोलीच्या खाली लाँड्री आहे ना, तिची वाफ वर येते आणि तक्त्याची एक कड सारखी गुंडाळत जाते, म्हणून मी तिथे खिळा ठोकला. घरमालकीणबाई लगेच वर आल्या आणि म्हणाल्या की खिळ्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. मी म्हटलं की जरूर बोलू, पण रविवारी साडेचारला, त्याआधी जागा नाही. त्या बिचाऱ्या रविवारी साडेचारला खरंच आल्या.

कार्यशाळेत मला सगळे जलद गाडी म्हणायला लागलेत. फक्त वस्ताद काही म्हणत नाहीत. वस्ताद म्हणजे आमचे मुख्य कारागीर. तुमचं आणि त्यांचं जमेल. तेही कमी बोलतात, आणि बोलले की समोरचा माणूस आठवडाभर जपून वागतो. मी मेण वितळवताना ओठांतल्या ओठांत स्नायूंची नावं म्हणते, तर परवा त्यांनी विचारलं की पोरी, तू मंत्र घालतेस की शिव्या देतेस.

पण खरं सांगू का? बरं चाललंय. दिवसभर एकही मिनिट मोकळं नसलं की रडू येत नाही. तसं रडू कोणत्या रंगात घालायचं ते तुम्ही लिहिलंच नाहीत म्हणा.

सगळ्या चौकटींवर खुणा आहेत, तपासून घ्या. तुमच्या अख्ख्या पत्रात तुमच्याबद्दल अंड्याचं एक वाक्य आहे. पुढच्या वेळी निदान दोन लिहा. एवढा लोभ चालतो ना तक्त्यात?

तुमची
भिंगरी

⁂

दिनांक ३ ऑक्टोबर

प्रिय भावोजी,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात भाचीकडे चार दिवस राहून आले आणि घरी येऊन पहिलं काम काय करतेय, तर तुम्हाला पत्र लिहितेय. चहासुद्धा नंतर.

माझ्या बहिणीने तिचं नाव भिंगरी ठेवलं ते ती मजेत गिरक्या घ्यायची म्हणून. आता ती कुणीतरी दोरी ओढून सोडल्यासारखी फिरते. जेवताना एका हातात घास, दुसऱ्या हातात कागद. मी विचारलं की भाजी बरी झालीय का, तर म्हणते की मावशी, सव्वासातला सांगते. सव्वासातला सांगितलंही हो! मीठ कमी होतं म्हणे. गालफडं बसली आहेत पोरीची. एकदा मी म्हटलं की फाड तो कागद, तर घाबरून म्हणाली की बाबांना कळलं तर काय वाटेल. अभ्यासासाठी नाही, तुमच्यासाठी खुणा करतेय ती त्यावर. तुम्ही माणसाचा दिवस आखलात की मालगाडीचा?

आणि तुमचं काय चाललंय? रविवारी घरी कुणी उचलत नाही म्हणून सहज आगारात फोन लावला, तर हजर. पुढच्या रविवारी लावला, तरी हजर. सुट्टीच्या दिवशी तिथे तुम्ही आणि पहारेकरी, दोघंच असता ना? माझ्या बहिणीच्या घरात रविवारी दुपारी अख्खं घर आडवं असायचं. ती तर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरायची आणि उठल्यावर म्हणायची की वाचत होते.

रागावलात तर रागवा. मोठी मेहुणी आहे, तेवढा हक्क आहे. राग गिळून लोभ ठेवा म्हणजे झालं.

तुमची
अक्का

⁂

दिनांक १९ ऑक्टोबर

ती. बाबांस
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, पण आधीच सांगते की मी बरी आहे.

मागच्या महिन्यात मी दोन साचे एकाच वेळी भरले होते. एक ट्रम्पेट वाजवणाऱ्या आजोबांच्या मापाचा, दुसरा एका शिक्षिकाबाईंचा. प्लास्टर घट्ट होत होतं. तक्त्याप्रमाणे मी स्नायू म्हणत होते, डोळे मिटून, कारण डोळे मिटले की चांगलं पाठ होतं. नावाच्या चिठ्ठ्या लावायची वेळ आली तेव्हाही मी म्हणतच होते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.

पुढे दोन्ही कवळ्या दवाखान्यात गेल्या. बाईंच्या तोंडात ती कवळी बसेचना. दंतवैद्यांना वाटलं की थोडी मोठी झालीय, म्हणून त्यांनी घासून घासून बसवायचा प्रयत्न केला आणि बाईंच्या हिरडीला जखम झाली. बाई स्वभावाने एवढ्या गोड की आरशात बघून म्हणाल्या म्हणे, हे दात ज्यांचे कुणाचे आहेत ते गृहस्थ मोठे रुबाबदार असणार. पण बाबा, त्यांना आठ दिवस नुसतं दूध प्यावं लागलं. माझ्यामुळे.

वस्ताद ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही साचे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले की हात इथे आणि डोकं तिथे, असं या कामात चालत नाही. पुन्हा असं झालं तर मी तुला ठेवू शकणार नाही. काम की अभ्यास, काय ते एक ठरव.

मी ठरवलंय. नोकरी जाण्यापेक्षा पदविका गेलेली बरी, आणि खरं म्हणजे दोन्ही गेलेलं बरं. सहामाहीपर्यंत प्रयत्न केला, नाही जमला. महिनाअखेरीला मी घरी येतेय. परीक्षेबद्दल तुम्ही एक शब्द काढणार नाही असं आपलं ठरलंय.

तक्ता परत पाठवतेय. सगळ्या खुणा आहेत. त्या दिवशीच्या प्लास्टरच्या चौकटीवरसुद्धा आहे.

रागावू नका, लोभ ठेवा.

तुमची
भिंगरी

⁂

दिनांक २३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस
अ. उ. आ.

दिलेला शब्द मी पाळतो. परीक्षेबद्दल या पत्रात काही नाही. या पत्राचा विषय माझा तक्ता हा आहे.

तुझा परत आलेला तक्ता मी कार्यालयात माझ्या टेबलावर पसरला आणि बसच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहिला. आपल्याकडे कोणतीही बस शेवटच्या थांब्यावर पोहोचली की लगेच उलट फिरत नाही. तिला काही मिनिटे नुसती उभी ठेवतात. नियमावलीत या उभे राहण्याला भारदस्त नाव आहे. चालक त्याला उसंत म्हणतात. वाटेत जो उशीर झाला असेल तो तिथे जिरतो. कागदावर ही मिनिटे वाया गेल्यासारखी दिसतात, म्हणून दर वर्षी कोणीतरी नवा अधिकारी येतो आणि ती कापा म्हणतो. दर वर्षी मी नकार देतो. ती कापली तर सकाळचा उशीर दुपारच्या फेरीवर चढतो, दुपारचा संध्याकाळच्या, आणि दिवस मावळता मावळता चालक अशा जागी चुकतो जिथे तो एरवी कधीही चुकला नसता.

माझ्या सबंध नोकरीत मी एकही बस उसंतीवाचून रस्त्यावर सोडली नाही. तुला सोडले.

प्लास्टर घट्ट होण्याचा वेळ ही तुमच्या कामातली उसंत होती. ती तिथे मुळातच होती, आणि मी ती हिरव्या रेघेने भरून टाकली. बाईंच्या हिरडीला झालेली जखम नियोजनाच्या चुकीमुळे झाली आहे. वस्तादांना मी तसे स्वतंत्र पत्र लिहिले आहे. त्यात तुझ्यासाठी रदबदली केलेली नाही. केवळ चूक कोठे झाली ते नोंदवले आहे.

इतकी साधी गोष्ट माझ्यासारख्याच्या नजरेतून कशी सुटली, याचा मी दोन दिवस विचार केला. उत्तर लिहिणे मला सोपे नाही. पांढऱ्या चौकटीत तुझी आई येऊन बसते. माझ्या स्वतःच्या दिवसातल्या त्या चौकटी मी एकेक करून बुजवल्या आहेत, रविवारसकट. त्याच हाताने तुझ्याही बुजवल्या.

तुझी आई तक्ते करत नसे, हे तुला आठवत असेल. झोपण्यापूर्वी ती मला फक्त विचारायची की आज काय सोडलेत. मी काय काय केले ते सांगू लागलो की म्हणायची, ते नको, सोडलेत काय ते सांगा. मला तो प्रश्न नेहमी उलटा वाटत असे. आता वाटते की दोन कामे एकदम करणाऱ्या माणसाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा. सर्व विषयांना सारखा वेळ देण्यात न्याय नव्हता, आळस होता. जे तुझ्या हातांना रोज सरावाचे आहे त्याला पुन्हा संध्याकाळ कशाला हवी?

सोबत त्याच मापाचा कोरा कागद पाठवतो आहे. भरायचा असेल तर तू भर. मी तपासणार नाही.

घरी यायचे असेल तर अवश्य ये. मात्र थकून येऊ नकोस; पोटभर झोप काढ, मग ठरवून ये.

माझ्याबद्दलचे दुसरे वाक्य: या रविवारी मी आगारात गेलो नाही. दुपारभर घरी बसलो. अवघड गेले.

लोभ कमी झाला असेल, तर तो वाढावा ही विनंती.

तुझे
बाबा

⁂

दिनांक २ डिसेंबर

ती. बाबांस
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून मावशीकडे चौकशा करत होतात असं कळलं. मुद्दाम लिहिलं नाही. आधी जमतंय का ते बघायचं होतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी झोपले, शनिवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंत. उठल्यावर आधी वस्तादांकडे गेले. त्यांच्यासमोर तुमचं पत्र उघडंच होतं. म्हणाले की तुझे वडील माणूस म्हणून कसे आहेत मला माहीत नाही, पण कामाचे आहेत. मग आम्ही दोघं शिक्षिकाबाईंकडे गेलो, मी माफी मागितली, आणि दोन्ही कवळ्या पहिल्यापासून केल्या. ट्रम्पेटवाले आजोबा आपली घालून पहिला सूर काढताना डोळे मिटून उभे होते. सूर फाटका निघाला. ते म्हणाले की हा फाटका सूर कवळीचा नाही, माझा आहे, आधीपासूनचा.

आता माझं कसं चालतं ते ऐका. मेणकाम आणि साचे हे दोन विषय संध्याकाळच्या अभ्यासातून काढून टाकले. ते दिवसभर हातातून जातातच. उरले धातू आणि शरीररचना. तेवढेच घेऊन बसते, वर्गानंतर नाही, वर्गाआधी, कारण नंतर मला काही कळत नाही हे मी मान्य केलंय. वस्तादांना विचारून सकाळी लवकर कामाला येते आणि लवकर सुटते. बसमध्ये खिडकीबाहेर बघते. आणि प्लास्टर घट्ट होत असताना काही म्हणजे काही करत नाही. वस्ताद शेजारी बसून चहा पितात, मी साच्यावर हात ठेवून बसते. ते आधी गरम होतं आणि मग गार. आई येते तेव्हा. थोडा वेळ बसते. मग मी आधी चिठ्ठी लावते आणि मगच उठते.

रात्री स्वतःला विचारते काय सोडलं. या आठवड्यात: पडदे धुणं, वह्या सुंदर अक्षरात उतरवणं, तुमच्यावर रागावणं.

परीक्षा देतेय. लेखी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मग तीन दिवसांचं प्रात्यक्षिक, परीक्षकांच्या नजरेसमोर कवळी बनवायची, आणि शेवटच्या दिवशी, २८ तारखेला, ती खऱ्या माणसाच्या तोंडात बसवून दाखवायची. तुमच्या निवृत्तीचाही तोच दिवस ना? मी १ मार्चला घरी येते. मग आपण दोघं मिळून घर आवरू, सावकाश. आईचं कपाट मी आल्याशिवाय उघडायचं नाही.

लोभ आहेच. मोजत बसू नका.

तुमची
भिंगरी

⁂

दिनांक २० जानेवारी

प्रिय भावोजी,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. निवृत्तीनंतर तीन महिने तरी सरकारी घर राहील असं तुम्ही धरून चालला होतात, आणि आता कार्यालय म्हणतंय की नवीन माणूस बायकामुलांसह खोळंबलाय, तेव्हा २८ तारखेलाच घर मोकळं करून द्या. वाईट वाटलं. इकडे माझ्या वरच्या खोलीत या. उपकार म्हणून बोलवत नाही, भांडायला घरात कुणी उरलं नाही म्हणून बोलावतेय.

पण पुढे तुम्ही जे लिहिलंत ते मला मुळीच पटलेलं नाही. भिंगरीला कळवू नका म्हणे! म्हणजे पोर परीक्षा देऊन आनंदात घरी यायची आणि दारात परकी माणसं उभी! तुम्हाला भीती वाटतेय की कळलं तर ती सगळं टाकून धावत येईल. येईलही. आपल्या आईचं घर आहे ते. पण भावोजी, एकदा तिचा दिवस तुम्ही आखलात त्याचं काय झालं ते बघितलंत, आणि आता पुन्हा तिच्याऐवजी तुम्हीच ठरवताय. या वेळी रेघा दिसत नाहीत एवढंच.

मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला आठ दिवस देते. मग मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ते फार वाईट ऐकू येईल, हे तुम्हाला माहीत आहे.

भांडणासकट लोभ असू द्या.

तुमची
अक्का

⁂

दिनांक २४ जानेवारी

चि. भिंगरीस
अ. उ. आ.

एक गोष्ट कळवायची आहे. कार्यालयाने हे घर २८ फेब्रुवारी रोजीच रिकामे करून मागितले आहे. मुदतवाढीचा अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. म्हणजे तू १ मार्चला येशील तेव्हा हे घर आपले नसेल. मी अक्कांच्या वरच्या खोलीत राहीन.

हे तुझ्यापासून लपवण्याचा माझा विचार होता. तो सोडला आहे.

तू काय करावेस, याबद्दल मी सल्ला लिहिला होता. तो पाऊण पानाचा झाला. फाडून टाकला. आईचे कपाट बंद आहे.

निर्णय काहीही असो, लोभात त्याने फरक पडणार नाही.

तुझे
बाबा

⁂

दिनांक २९ जानेवारी

ती. बाबांस
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लाँड्रीच्या पायऱ्यांवर वाचलं आणि तिथेच बसले. लाँड्रीवाल्या मावशी बाहेर आल्या, काही न विचारता गरम चादरींचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि आत गेल्या. गार होईपर्यंत धरून बसले होते.

मग वर येऊन बॅग भरली. बॅग भरून झाल्यावर मला कळेना की मी जाऊन तिथे काय करणार आहे. घर वाचवता येणार नाही. तुम्हाला खोकी उचलायला मदत होईल, एवढंच. तेवढ्यासाठी हे वर्ष टाकायचं? बॅग रिकामी केली.

मी परीक्षेला बसतेय. तुमच्यासाठी नाही, आणि कृपा करून आईसाठी असंही म्हणू नका. मला ती कवळी बसवायची आहे. मला स्वतःच्या सहीने काम करायचंय. आणखी एक वर्ष ही अशी धावपळ करायची ताकद माझ्यात नाही, तेव्हा यंदाच.

पण काय सोडायचं ते मीच ठरवणार. प्रात्यक्षिकाच्या आधीच्या शेवटच्या मोकळ्या रविवारी, १६ तारखेला, सगळे जण सराव करणार आहेत. तो सराव मी सोडला. त्या दिवशी मी घरी येतेय. कपाट त्या दिवशी उघडू. आणि त्या दिवसाचा तक्ता करायचा नाही. केलात तर मी तो खाली धुवायला देईन.

२८ ला तुम्ही एकटे असाल. तुम्हाला जमेल का ते विचारत नाही, जमवा. मी पण एकटीच असेन, तोंडासमोर तोंड उघडून बसलेला एक अनोळखी माणूस सोडला तर.

लिहिलंत म्हणून लोभ वाढलाय. फाडलंत त्याबद्दल अजून थोडा.

तुमची
भिंगरी

⁂

दिनांक २८ फेब्रुवारी

माननीय मुख्य नियंत्रक यांस
स. न. वि. वि.

हा आपल्या घरातून लिहिलेला शेवटचा कागद. टेबल गेले आहे, खिडकीच्या कठड्यावर ठेवून लिहितो आहे, म्हणून अक्षर बिघडले आहे.

१६ तारखेचा वृत्तांत आधी. आपली मुलगी सकाळी आली आणि तिने पायताण काढता काढता विचारले की तक्ता कुठे आहे. मी म्हणालो की नाही. तिने टेबलाखाली वाकून खात्री करून घेतली. मग आम्ही तुझे कपाट उघडले आणि समोर जमिनीवर बसलो. काही काढले नाही, काही ठेवले नाही. दुपारपर्यंत बसून होतो. तुझ्या करड्या शालीच्या एका टोकाला हळदीचा डाग आहे. तो कधीचा, यावर आमचा वाद झाला, आणि दोघांनाही नक्की आठवले नाही. तू असतीस तर दोघांनाही चूक ठरवले असतेस. जेवणानंतर ती जमिनीवरच तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपली. मी तिला उठवले नाही. परतीची बस चुकली. पुढची होती.

शाल तिने नेली. बाकीचे आम्ही वाटून घेतले आणि उरलेले वाटून टाकले. तेवढे काम शेवटच्या एका तासात झाले.

आज सकाळपासून मी मात्र बरा नव्हतो. सामानाची गाडी लवकर येऊन गेली आणि करण्यासारखे काही उरले नाही. रिकाम्या घरात माणसाला नेमके कोठे उभे राहावे ते समजत नाही. कार्यालयातल्या लोकांनी हार आणि भाषणे आटोपली. माझ्याबद्दल सांगितले गेले की मी कधी उशिरा आलो नाही. ते खरे आहे, पण त्यात तुझा हात किती होता ते मी सभेत बोललो नाही. परत येऊन इथे बसलो. ती त्या वेळी परीक्षेच्या दालनात असणार, हे मला ठाऊक होते. दर थोड्या वेळाने मी मनातल्या मनात तिची वेळ लावून पाहत होतो, आता मेण, आता घासकाम, आता बसवणे. मग लक्षात आले आणि थांबलो.

दुपारी खिडकीसमोरच्या आगाराच्या ध्वनिक्षेपकावर नेहमीप्रमाणे बसच्या घोषणा चालू होत्या. त्यांच्यामध्येच, त्याच आवाजात, सर्व प्रवाशांना कळवण्यात आले की वेळापत्रक विभागाच्या साहेबांसाठी परगावाहून फोनवर निरोप आला आहे: कवळी बसली, परीक्षकांनी सही केली, माणसाने बिस्किट खाऊन दाखवले. आगारातल्या वाहतूक नियंत्रकाने हा निरोप दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याने बिस्किटावर जोर दिला. मग तीन नंबरच्या फलाटावरची बस सुटत असल्याचे सांगितले.

मी खिडकीशी उभा होतो. बाहेर कोणीतरी अनोळखी माणसाने टाळी वाजवली. तुझ्या मुलीने ते केले. तिने ते स्वतःच्या हिशोबाने केले, आणि मी तिच्या वाटेतून थोडा बाजूला झालो, एवढेच माझे श्रेय. तुला हे पहिल्यांदा सांगावेसे वाटले, म्हणून अक्कांकडे जाण्यापूर्वी बसलो.

पुढचे पत्र दुसऱ्या पत्त्यावरून लिहीन. तुझा पत्ता बदलत नाही, ही सोय आहे. लोभाचा अर्ज नेहमीप्रमाणे तुझ्या टेबलावर ठेवतो.

तुझा
आज्ञाधारक

ता. क. सर्व खोल्या पाहून घेतल्या. खिडक्या बंद केल्या. दाराला कुलूप लावले, ते ओढून पाहिले. चाव्या कार्यालयात परत केल्या.